घोट्याकडून नडगीकडे : स्कीच्या बुटाचा इतिहास

गुडघ्याच्या खाली आणि घोट्याच्या वर, पायाच्या पुढच्या बाजूला जे हाड हाताला थेट लागते त्याला नडगी म्हणतात; शरीरशास्त्राच्या परिभाषेत ती अंतर्जंघास्थीची पुढची कड होय. मागच्या बाजूला पोटरीचे जाड स्नायू असतात, पण नडगीच्या आतल्या अंगाला हाड आणि कातडी यांच्यामध्ये मांसाची गादी जवळजवळ नसतेच. हाडाला लपेटून असलेले संवेदनाक्षम पातळ वेष्टन आणि त्यावर कातडी, एवढाच तेथला थर असतो, आणि म्हणूनच अंधारात पलंगाच्या कडेवर आपटलेली नडगी माणसाला क्षणभर जागच्या जागी बसवते. बर्फाच्या उतारावरून घसरत जाण्याचा जो खेळ आज आल्पाइन स्कीइंग म्हणून ओळखला जातो, त्यात शरीराचा कल पायाखालच्या पट्टीपर्यंत, म्हणजे स्कीपर्यंत, पोचवण्याचे काम नेमके या उघड्या हाडाकडे आले आहे. गुडघा पुढे झुकला की नडगी बुटाच्या पुढच्या भागाला, म्हणजे त्याच्या जिभेला, रेलते. बूट पट्टीशी घट्ट जखडलेला असल्याने तो दाब तरफेसारखा पट्टीच्या पुढच्या टोकाकडे उतरतो आणि पट्टी वळू लागते. बूट नीट बसत नसेल तर या रेलण्याचे आपटण्यात रूपांतर होते, आणि दोन दिवसांत नडगीवर जो काळानिळा, हात लावू न देणारा पट्टा उमटतो त्याला इंग्रजी बोलणारे स्कीपटू ‘शिन बँग’ म्हणतात.

हे दुखणे स्कीइंगइतके जुने असेल असा समज सहज होतो, परंतु तो खरा नाही. हजारो वर्षे माणसे स्कीवरून चालली आणि घसरली तेव्हा त्यांची बोटे गोठली, टाचांना फोड आले, घोटे मुरगळले आणि मोडले. नडगी मात्र या यादीत फार उशिरा, गेल्या साठएक वर्षांतच ठळकपणे आली. बूट जसजसा उंच आणि ताठ होत गेला तसतशी दुखण्याची जागा पायावर वर सरकत गेली, आणि याच काळात बुटाच्या मापाविषयीची एक फार जुनी समजूत, जी एके काळी जीव वाचवणारी होती, ती नडगीच्या दुखण्याचे मोठे कारण होऊन बसली.

स्की या शब्दाचे मूळ प्राचीन नॉर्स भाषेत चिरलेल्या लाकडाच्या फळीसाठी असलेल्या शब्दात आहे. उत्तर स्वीडनमधील काल्वट्रेस्क येथे १९२४ मध्ये दलदलीच्या जमिनीतून मिळालेली स्की सुमारे ५,२०० वर्षांपूर्वीची आहे. त्या काळापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत या पट्ट्यांचा मुख्य उपयोग बर्फावरून चालण्याचा होता. शिकार, लाकूडतोड, रेनडिअरांच्या कळपांमागची भटकंती अशा कामांत पट्टी पायाच्या चवड्यापाशी एका कातडी पट्ट्यात अडकवलेली असे आणि टाच मोकळी उचलली जाई. स्कँडिनेव्हियाच्या उत्तरेकडील सामी लोकांचे बूट मऊ कातड्याचे किंवा रेनडिअरच्या केसाळ चामड्याचे असत. त्यांचे टोक चोचीसारखे वर वळलेले असे, ते पट्ट्यात अडकल्यामुळे पाय मागे निसटत नसे. या बुटांत मोजे नसत. लव्हाळ्याच्या कुळातले एक गवत उन्हाळ्यात कापून, वाळवून, कुटून मऊ केले जाई आणि बुटात पायाभोवती भरले जाई. ते घाम शोषून घेई, हवा धरून ठेवी आणि रात्री बाहेर काढून वाळवता येई. असा बूट मुद्दामच ऐसपैस असावा लागे, कारण गवत दाबले गेले तर त्याची ऊब संपे आणि पायातले रक्त अडले तर बोटे गोठत. बूट मोठा घ्यावा आणि आत भरपूर भरावे हा नियम थंडीने घालून दिलेला होता, आणि ज्या बुटाला पट्टी वळवायचीच नव्हती त्या बुटासाठी तो अगदी योग्य होता.

पट्टी वळवण्याची गरज नॉर्वेच्या टेलेमार्क भागात निर्माण झाली असे साधारणपणे मानले जाते. मोर्गेदाल गावचा सोंद्रे नोरहाइम (१८२५–१८९७) हा गरीब शेतकरी मजूर विलोच्या आणि बर्चच्या मुळ्याफांद्या पिळून केलेले वेढे टाचेमागून घेऊ लागला. त्यामुळे पाय पट्टीवरून न सुटता उडी मारता येऊ लागली आणि उतारावर दिशा बदलता येऊ लागली. सन १८६८ मध्ये ख्रिस्तियानिया, म्हणजे आजचे ऑस्लो, येथे त्याने आपले कसब दाखवले तेव्हा शहरी बघ्यांना स्कीइंग हा खेळ म्हणून दिसू लागला. फ्रिट्झ हुइटफेल्ड यांनी १८९४ मध्ये लोखंडी कान असलेले बाइंडिंग पुढे आणले (बूट आणि पट्टी यांना जोडणाऱ्या योजनेला बाइंडिंग म्हणतात), आणि तेथून बुटाचे रूप बदलले, कारण दोन लोखंडी कानांमध्ये आवळून धरायचा तर बुटाचा तळ जाड आणि ताठ असणे भाग होते. मऊ बूट आणि ताठ तळ यांची ही तडजोड किती अवघड होती याचा दाखला दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेत मिळतो. रोआल्ड अमुन्सेन यांच्या तुकडीने अंटार्क्टिकातील तळावर १९११ चा हिवाळा काढला तो काही अंशी बूट उसवण्यात आणि पुन्हा शिवण्यात. बाइंडिंगसाठी ताठ तळ हवा होता, तर आत मोज्यांचे थर आणि गवत मावावे इतकी जागाही हवी होती, आणि कारागिरांनी नॉर्वेत शिवून दिलेले बूट या दोन्ही अटी एकदम पुऱ्या करीत नव्हते. त्याच सप्टेंबरात घाईने केलेल्या पहिल्या कूचात काही जण गोठलेल्या टाचा घेऊन परतले. ध्रुवावर जाणाऱ्यांची काळजी टाच आणि बोटे एवढीच होती; नडगीपर्यंत त्यांचा बूट पोचतच नव्हता असे म्हटले तरी चालेल.

आल्प्स पर्वतात हा खेळ पोचला तेव्हा उतार अधिक तीव्र होते आणि हेतूही बदलला. ऑस्ट्रियातील लिलिएनफेल्ड येथे माटियास झ्दार्स्की यांनी आखूड पट्टी आणि पोलादी बाइंडिंग घेऊन तीव्र उतारावर वळणे घेण्याची पद्धत बसवली. सांक्ट आन्टोन येथे हान्नेस श्नायडर (१८९०–१९५५) यांनी आर्लबर्ग पद्धत या नावाने तिचे शिस्तबद्ध शिक्षण सुरू केले. शर्यतींना आजचे रूप देण्यात मात्र एका इंग्रजाचा वाटा मोठा आहे, आणि त्याच्या कथेला हिंदुस्थानचा धागा आहे. आर्नल्ड लन यांचा जन्म १८८८ मध्ये मद्रासला, मिशनरी वडिलांच्या घरी झाला. स्वित्झर्लंडमधील म्युरेन येथे १९२२ मध्ये त्यांनी खुंट्यांमधून वळणे घेत उतरण्याची आधुनिक स्लालम शर्यत आखली. त्याआधी १९११ मध्ये मोंताना येथे जी उतरणीची शर्यत सुरू झाली होती तिच्या चषकाला कंदाहारच्या लॉर्ड रॉबर्ट्स यांचे नाव होते. रॉबर्ट्स यांचा जन्म कानपूरचा, आणि त्यांच्या नावाला कंदाहार चिकटले ते १८८० च्या ऑगस्टमध्ये काबूलहून केलेल्या कूचामुळे. मैवंदच्या लढाईत मुंबई लष्कराच्या पलटणींची जी दाणादाण उडाली होती तिच्यानंतर वेढलेल्या कंदाहारच्या सुटकेसाठी हे कूच झाले होते. लन यांच्या मंडळाने आणि शर्यतींनी ते नाव पुढे चालवले, आणि गिदो र्‍यूज या स्विस अभियंत्याने, ज्याच्या घराण्याचा धंदा संगीतपेट्या बनवण्याचा होता, १९२९ च्या सुमारास टाचेमागून फिरणारी स्प्रिंगची तार असलेले बाइंडिंग तयार केले तेव्हा त्यालाही कंदाहार हेच नाव मिळाले. अफगाण वाळवंटातले नाव अशा आडवळणाने बर्फातल्या एका तारेवर येऊन बसले.

ही तार बुटाच्या इतिहासातला सांधा आहे. बाजूच्या आकड्यांखालून ती घेतली की टाच पट्टीवर दाबून धरली जाई, आणि टाच उचलता न येणारा स्कीपटू गुडघे व घोटे पुढे झुकवून आपले वजन पट्टीच्या पुढच्या भागावर नेऊ शके. जर्मन भाषेत या झुकावाला ‘फोरलागे’ म्हणत, आणि १९३० च्या दशकातल्या शिक्षकांचा तो परवलीचा शब्द झाला. ऑस्ट्रियाचा आन्टोन सेलोस आणि त्याच्याकडून शिकलेला फ्रान्सचा एमिल आले यांनी दोन्ही पट्ट्या समांतर ठेवून वळण्याची जी रीत रूढ केली, ती या झुकावाशिवाय शक्यच नव्हती. बूट मात्र अजून घोट्याएवढाच उंच, कातडी आणि नाडीचा होता. त्याला ताठ करण्यासाठी आत दुसरा नाडीचा बूट शिवला गेला, चामड्याचे थर वाढवले गेले, आणि त्यावरून दीड-दोन मीटर लांबीची वादी घोट्याभोवती गुंडाळून पट्टीला आवळण्याची पद्धत शर्यतपटूंमध्ये पुढे कित्येक वर्षे टिकली. नव्या कोल्हापुरी चपलेशी ज्यांचे काही दिवस भांडण झाले आहे त्यांना चामड्याचा गुण आणि दोष वेगळा सांगायला नको. चामडे आधी पायाला लागते, मग ओलावा, तेल आणि चाल यांनी हळूहळू पायाचा आकार घेते, आणि ज्या दिवशी ते पायाला पूर्ण जुळते त्याच दिवसापासून ते सैल पडू लागते. स्कीच्या बुटाचेही असेच होई. दोन-तीन आठवडे त्रास, मग थोडे दिवस सुख, आणि हंगाम संपेपर्यंत भिजून भिजून ढिला पडलेला, वळणावर घोट्यापाशी दुमडणारा बूट. या काळातले दुखणे घोट्याचे होते. बुटाची कड घोट्यावर येत असल्याने पडताना पट्टीची पिळवटही तेथेच जाई, आणि घोट्याची हाडे मोडणे ही स्कीइंगमधली नित्याची दुखापत समजली जाई.

चामड्याला पर्याय शोधण्याची पहिली पावले बारीकसारीक होती. स्विस संशोधक हान्स मार्टिन यांची नाडीऐवजी धातूची बक्कले लावण्याची कल्पना हेन्के या कंपनीने १९५५ मध्ये बाजारात आणली. गारठलेल्या बोटांनी नाड्या ओढण्याच्या कष्टातून सुटका झाली आणि तरफेमुळे बूट पूर्वीपेक्षा किती तरी अधिक आवळता येऊ लागला. खरा बदल आयोवा राज्यातल्या डब्यूक या गावी झाला, जेथे आल्प्स नाही आणि नाव घ्यावे असा डोंगरही नाही. बॉब लँग हा प्लास्टिकच्या धंद्यातला माणूस आपल्या चामडी बुटांच्या मऊपणाला कंटाळला आणि त्याने प्रथम चामड्याला काचतंतूंचा आधार देऊन पाहिला, मग १९५० च्या दशकाच्या अखेरीस संपूर्ण प्लास्टिकचे कवच बनवून पाहिले. पहिल्या विक्रीतील बूट, जे १९६२ च्या सुमारास आले, नाडीचेच होते आणि थंडीत त्यांचे प्लास्टिक ठिसूळ होई. १९६० च्या दशकाच्या मध्यास पॉलियुरेथेन हे चिवट प्लास्टिक, बक्कले, आणि घोट्यापाशी बिजागरीने जोडलेले खालचे कवच व वरचा कफ अशी रचना सिद्ध झाली. सन १९६८ च्या ग्रेनोबल ऑलिंपिकमध्ये हे बूट घातलेल्या स्पर्धकांनी पदके मिळवल्यावर चामड्याचे दिवस भरले. चार-पाच हिवाळ्यांत जगभरचे शर्यतपटू प्लास्टिकवर आले, आणि त्यांच्यामागून सुट्टीला येणारी सामान्य माणसेही आली.

प्लास्टिकचा बूट ताठ होता, पाण्याने बिघडत नव्हता आणि त्याची उंची घोट्यावरून नडगीच्या मध्याकडे चढली होती. गुडघा झुकवताच पट्टी तत्काळ प्रतिसाद देई, कारण मधे वाकण्यासारखे काही उरलेच नव्हते. जे वाकत नाही ते दाब गिळतही नाही, आणि पूर्वी चामड्याने घोट्यापाशी दुमडून जो धक्का पचवला असता तो आता थेट नडगीवर येऊ लागला. या दुखण्याला स्कीपटूंनी बुटाच्या नावावरूनच ‘लँग बँग’ असे यमकाचे नाव दिले, ते दुखणे कोणत्याही कंपनीच्या बुटाने होत असले तरी. थट्टेतल्या या नावात कालगणना नेमकी आहे, कारण त्यावरून या व्याधीचा जन्म १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात टाकता येतो. हाडांच्या डॉक्टरांना याच सुमारास दुसरा, गंभीर पुरावा दिसत होता. घोट्याचे अस्थिभंग कमी होत चालले आणि त्यांची जागा बुटाच्या वरच्या काठाशी नडगीचे हाड आडवे मोडण्याने घेतली; वैद्यकीय लेखनात त्याला बुटाच्या काठावरचा अस्थिभंग म्हणू लागले. पडताना पट्टीतून पाय सोडवणाऱ्या बाइंडिंगांनी, ज्यांची सुरुवात पोर्टलंडच्या ह्यालमार ह्वाम याने १९३७ मध्ये स्वतःचा पाय मोडल्यावर केली होती आणि ज्यांना युरोपात हान्नेस मार्कर यांच्यासारख्यांनी पुढे नेले, या अस्थिभंगांचे प्रमाण पुढच्या दशकांत पुष्कळच खाली आणले. मग डॉक्टरांचे लक्ष गुडघ्यातल्या अस्थिबंधांकडे, म्हणजे हाडांना हाडांशी बांधणाऱ्या दोऱ्यांकडे, वळले. दुखापतीची जागा अशी मजल दरमजल वर गेली. बाइंडिंगने मोडणे थांबवले, पण ठेचणे थांबवणे त्याच्या हातात नव्हते, कारण ठेच पडल्यावर लागत नाही, उभे असताना लागते.

या ठेचेची कारणे समजण्यासाठी दाब आणि आघात यांतला फरक पाहावा लागतो. नडगी जिभेला पूर्ण लांबीभर आणि सतत टेकलेली असेल तर कितीही जोराने रेलले तरी तो भार बराच पसरतो आणि सोसला जातो. नडगी आणि जीभ यांच्यात बोटभर पोकळी असेल तर प्रत्येक उंचवट्यावर पाय आधी मागे जातो आणि मग वेगाने पुढे येऊन आपटतो, तोही बहुधा कफच्या वरच्या काठावर, जेथे क्षेत्रफळ सर्वांत कमी असते. सैल बुटात आणखी एक गोष्ट नकळत घडते. टाच उचलली जाऊ नये म्हणून माणूस बोटे वर ताणून पाय आतून धरून ठेवतो. नडगीच्या बाहेरच्या अंगाला असलेला जो स्नायू चवडा वर उचलतो तो यामुळे दिवसभर आखडलेला राहतो, त्याची कंडरा बुटाच्या जिभेखाली घासली जाते, आणि संध्याकाळी हाडाच्या ठेचेत स्नायूच्या ठणक्याची भर पडते.

प्लास्टिकच्या बुटाने मापाचा प्रश्नही नव्याने उभा केला, आणि त्याची मुळे कारखानदारीत आहेत. इटलीतील ट्रेव्हिझो प्रांतात, मोंतेल्लो टेकडीच्या पायथ्याशी मोंतेबेल्लूना नावाचे गाव आहे. तेथे पिढ्यान्‌पिढ्या गिर्यारोहणाचे चामडी बूट शिवले जात आणि १९५४ मध्ये के-२ शिखरावर गेलेल्या इटालियन मोहिमेला दोलोमिते या तेथल्या कंपनीने बूट पुरवले होते. प्लास्टिक आले तेव्हा नोर्दिकासारख्या तेथल्या कंपन्यांनी साच्यात वितळलेले प्लास्टिक दाबाने भरण्याचे तंत्र उचलले आणि गावाचे गाव स्कीच्या बुटांकडे वळले. १९८४ मध्ये तेथे बुटांचे संग्रहालयही उघडले. चामड्याचा बूट लाकडी फर्म्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या ठोकळ्यावर, ताणून शिवला जाई, आणि गिऱ्हाइकाचा पाय वेगळा असला तर कारागीर फर्म्यावर चामड्याचा तुकडा ठोकून तो बदलू शके. पोलादाचा साचा असा बदलता येत नाही, तो फार महाग असतो, आणि म्हणून कारखाना शक्य तितके थोडे साचे ठेवतो. आजही अर्ध्या मापाचा फरक असलेल्या दोन बुटांचे कवच बहुधा एकच असते आणि फरक आतल्या अस्तराचा वा तळव्याखालच्या पट्टीचा असतो. साच्यातला पाय हा सरासरीचा पाय आहे. उंच कमानीचा, बारीक टाचेचा, काटकुळ्या नडगीचा किंवा जाड पोटरीचा खरा पाय त्यात घातला की कुठे तरी दाटते आणि कुठे तरी पोकळी राहते. बायकांच्या पोटरीचा स्नायू पुरुषांच्या तुलनेत खालपर्यंत उतरतो, ही साधी गोष्ट साचे करणाऱ्यांच्या लक्षात येऊन कमी उंचीचे कफ निघायलाही बराच काळ जावा लागला.

उपायांचा इतिहास हा मुख्यतः पोकळी भरण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे. सत्तरीच्या दशकाच्या आरंभी मागे रेलून वळण्याची ‘जेट’ रीत लोकप्रिय झाली, बुटांची पाठ उंच झाली, आणि नडगीला काही काळ विश्रांती मिळाली; परंतु मागे बसलेला स्कीपटू तोल सावरायला पुढे येतो तेव्हाचा धक्का अधिक जोराचा असतो, हे त्या फॅशनच्या ओसरण्याबरोबर कळून चुकले. बूट पायात असताना आत रसायन ओतून फेस फुगवायचा आणि तो पायाभोवती थिजू द्यायचा ही युक्ती दुकानांत आली. तिने बसवणूक अचूक होई, पण जरा चूक झाली तर ती चूकही कायमची थिजे. हॅन्सन बंधूंनी मागून उघडणारा बूट काढला आणि सालोमोनने १९७९ च्या एसएक्स ९० पासून तो घराघरांत पोचवला. पुढची भिंत अखंड असल्याने नडगीवर दाब एकसारखा पडे, आणि बूट घालणे चपलेइतके सोपे होते. पावलाचा वरचा भाग मात्र या बुटाला चारी बाजूंनी आवळता येत नव्हता. त्यामुळे टाच हले, तज्ज्ञांचे समाधान होईना, आणि नव्वदीच्या दशकाच्या मध्यापर्यंत हा प्रकार जवळजवळ नाहीसा झाला. पर्यटकांचा सोयीचा बूट शर्यतपटूंच्या निकषाने बाद व्हावा, यात त्या धंद्याचा स्वभाव दिसतो. सर्वांत चतुर उत्तर राइश्ले कंपनीच्या फ्लेक्सॉन या बुटाने १९८० च्या सुमारास दिले. त्याच्या रचनेत अंतराळवीरांच्या पोशाखाचे सांधे आखणाऱ्या अभियंत्याचा हात होता, आणि त्याची बाहेरची जीभ वळ्यावळ्यांची होती, ज्यामुळे ती वाकताना कुठेही अडकून न बसता वाढत्या प्रतिकाराने दाब घेई. उड्या मारून जोरात जमिनीवर येणाऱ्या स्कीपटूंची, म्हणजे ज्यांच्या नडग्या सर्वाधिक सोसतात त्यांची, पसंती या रचनेला आजही आहे.

या सगळ्यांतून बूटफिटर नावाचा नवा कारागीर जन्माला आला. जुना चांभार पायासाठी बूट शिवे. हा तयार बूट तापवून, ताणून, घासून पायाला जुळवतो. त्याची पहिली कसोटी अस्तर काढून फक्त कवच तपासण्याची आहे. रिकाम्या कवचात पाय घालून बोटे पुढे टेकवायची आणि टाचेमागे किती जागा उरते ते पाहायचे. ती साधारण एक ते दोन सेंटिमीटर असावी, त्याहून अधिक असेल तर वर कितीही गादी घातली तरी पाय हलणारच. मोंडोपॉइंट ही मापपद्धत, जिच्यात २६.५ म्हणजे २६.५ सेंटिमीटर लांबीचे पाऊल, ही कसोटी सोपी करते. अडचण गिऱ्हाइकाच्या मनात असते. योग्य मापाचा बूट घालून सरळ उभे राहिले की बोटे पुढे टेकतात आणि बूट लहान वाटतो. गुडघे वाकवून नडगी जिभेला टेकवली की टाच मागे बसते आणि बोटांना जागा मिळते. भाड्याच्या दुकानात रांगेत उभा असलेला माणूस बहुधा गुडघे वाकवत नाही आणि एक माप मोठा बूट मागतो.

गुलमर्ग, जेथे स्की क्लब ऑफ इंडियाची स्थापना १९२७ मध्ये झाली, किंवा औली आणि सोलांग येथे हिवाळ्यात जाणाऱ्या मराठी पर्यटकांच्या बाबतीत या मागणीला एक जवळचे कारणही आहे. सह्याद्रीत भटकणाऱ्यांचे बूट नखे काळी पडू नयेत म्हणून थोडे मोठे घेतले जातात आणि जाड मोज्यांवर चढवले जातात. चालण्याच्या बुटासाठी हा सल्ला बरोबर आहे, जसा सामी शिकाऱ्यासाठी आणि अमुन्सेनच्या तुकडीसाठी तो बरोबर होता, परंतु टाच जखडलेल्या ताठ कवचात मोठे माप आणि दोन मोजे म्हणजे दिवसअखेर ठेचलेली नडगी. जाड मोजा सकाळी घट्ट वाटतो, दुपारपर्यंत दबतो आणि पोकळी उघडी पडते. शिवाय त्याची चुणी आणि आत खोचलेल्या उबदार पायजम्याची शिवण जिभेखाली सापडली तर तेवढीच रेघ हाडावर कोरली जाते. पातळ, गुडघ्यापर्यंतचा, एकच मोजा, आणि पायजम्याचा काठ बुटाच्या वर, एवढ्याने पुष्कळ दुखणी टळतात. भाड्याच्या बुटातला फेस अनेक पायांनी आधीच दाबलेला असतो, त्यामुळे तेथे मोठ्या मापाची चूक दुपटीने भोवते. उलट नवशिक्याच्या पायात अति ताठ बूट आला तर त्याला तो वाकवताच येत नाही, तो मागे बसतो, आणि प्रत्येक धक्क्याला पुढे आपटतो. ताठपणाचे जे आकडे बुटावर छापलेले असतात ते प्रत्येक कंपनीचे आपापले असतात, आणि उबदार दुकानात मऊ वाटणारे प्लास्टिक शून्याखाली बरेच कडक होते, म्हणून त्या आकड्यांवर फार भिस्त ठेवता येत नाही.

बक्कले लावण्याचाही क्रम आहे. आधी जीभ नडगीवर मधोमध बसवावी, टाच जमिनीवर आपटून मागे सरकवावी, गुडघा पुढे झुकवून कफची बक्कले आणि वरचा पट्टा आवळावा, आणि पावलावरची बक्कले शेवटी, नुसती टेकतील इतकीच लावावीत. पावलावर फार आवळले तर पाय बधिर होतो आणि नडगीची पोकळी तशीच राहते. सन २०२३ च्या हिवाळ्यापासून काही कंपन्यांनी पावलावरच्या बक्कलांऐवजी चकती फिरवून तार आवळण्याची योजना आणली आहे. पूर्वी चामड्याच्या बुटाचा तळ भिजून वाकडा होऊ नये म्हणून रात्री तो धातूच्या चौकटीत घट्ट आवळून ठेवत, आणि आगगाडीतून डोंगराकडे जाताना ही चौकट प्रवाशाच्या हातात बुटांसह लटकत असे. प्लास्टिकच्या बुटाला चौकट लागत नाही, पण आतले अस्तर वाळल्यावर बक्कले हलकी लावूनच तो ठेवावा लागतो, कारण उघडा टाकलेला कफ उन्हाळाभर पसरत जातो आणि पुढच्या डिसेंबरात जीभ नडगीपासून तेवढीच दूर राहते.